संध्याकाळी आठची गोळी

मला गुळवेलीचा काढा पाजायला निघालेल्या लोकांची यादी मी एकदा करायला घेतली होती. तेविसाव्या नावाला थांबलो, कारण पाठकोरा कागद संपला. पहिली माझी मेहुणी. मग कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या बायका, योगासनं शिकवणारे एक निवृत्त बँक मॅनेजर, खालच्या मजल्यावरचे बंगाली मास्तर (ते काढ्याऐवजी होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या देत, पण हेतू तोच), आणि एक गृहस्थ तर असे, की ते मला आयुष्यात एकदाच, विमानात, शेजारच्या सीटवर भेटले होते. सगळ्यांचं म्हणणं एकच. प्रतिकारशक्ती वाढवा.

माझ्या पोटात उजवीकडे, जांघेच्या जरा वर, माझ्या बायकोची किडनी आहे. बसवून सहा वर्षं झाली. माझी प्रतिकारशक्ती ज्या दिवशी खरोखर वाढेल त्या दिवशी ती पहिलं काम हे करेल, की ही परकी वस्तू इथे कोणी आणून ठेवली असं विचारेल आणि उत्तराची वाट न बघता तिचा फडशा पाडेल. तसं होऊ नये म्हणून सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ अशा गोळ्या घेऊन मी ती शक्ती दाबून ठेवतो. हे मी त्या तेवीसही जणांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि म्हणाले, "ते खरं हो, पण गुळवेल नैसर्गिक आहे ना." धोतराही नैसर्गिकच असतो, हे सांगायचा मी पुढे पुढे कंटाळा केला.

लोकांना माझं बोलणं तुसडं वाटतं. वाटू दे. तीस वर्षं मी सरकारी नोकरीत दगड फोडले, कैद्यासारखेच, फक्त पेन्शनच्या आशेवर. मी भूवैज्ञानिक आहे. नागपूरहून बदली होऊन कोलकात्याला आलो आणि मुख्यालयात जो अडकलो तो अडकलोच. दगडांची संगत माणसांपेक्षा बरी. हा काढा आमच्या घराण्यात सगळ्यांना मानवतो, असं दगड म्हणत नाही.

आमच्या धंद्यात दोन गोष्टींना माफी नाही. नमुना उचलला की तो पिशवीत घालायचा आणि पिशवीवर क्रमांक, जागा, तारीख आणि उचलणाऱ्याची सही लिहायची. लेबल नसलेला नमुना हा रस्त्यावरचा दगड. दुसरी गोष्ट, एका दगडावरून नकाशा काढायचा नाही. हाताखालच्या पोरांनी एका उघड्या खडकावरून सगळ्या डोंगराला रंग फासून आणला की मी तो नकाशा त्यांच्यासमोर उलटा धरून विचारायचो, "हा कुठल्या ग्रहाचा?" दोघंतिघं रडली होती. त्याचा मला तेव्हा अभिमान होता.

अक्षराचाही होता. नकाशे हाताने लिहायच्या काळातला मी शेवटचा माणूस. मुंगीएवढी अक्षरं मी ओळीने अशी लिहायचो की छापलेली वाटावीत. घरातसुद्धा बायकोच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीला मी लेबल लावायला शिकवलं. हळद, सांगली, अमुक महिना. ती आधी हसली, मग तिला सवय झाली.

बायको सांगलीची, मराठी घेऊन बी. ए. झालेली. तिच्या हिंदीची मी आयुष्यभर टर उडवली. ती हिंदी बोलते म्हणजे मराठीला हिंदीचा फ्रॉक घालून बाहेर पाठवते. किडनी देण्याआधी इस्पितळाच्या समितीने तिला समोर बसवून विचारलं, कॅमेरा लावून, की तुम्ही राजीखुशीने देताय ना, नवऱ्याने दबाव आणला नाही ना. ती म्हणाली, "दबाव कायका? दिया तो दिया. दिया हुवा चीज पे मैं नजर नहीं रखती." मी बाहेर येऊन तिला म्हणालो, "चीज स्त्रीलिंगी आहे." ती म्हणाली, "बरं." आज हे लिहिताना मला स्वतःचीच एक कानाखाली द्यावीशी वाटते.

पण ती बोलली तशी वागली. सहा वर्षांत तिने एकदाही त्या किडनीला आपली म्हटलं नाही. "तुमच्या किडनीला पाणी कमी पडतंय," म्हणायची. "तुमच्या किडनीचा रिपोर्ट आला." सात दिवसांची सात झाकणांची प्लास्टिकची डबी ती दर रविवारी भरायची, सकाळचा कप्पा आणि संध्याकाळचा कप्पा, आणि विसरून जायची. मी गोळ्या घेतल्या का, हे तिने कधी तपासलं नाही.

आमचं घर बागबाजारात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खालच्या मास्तरांना माझी एकच थट्टा ठाऊक आहे, अठराव्या शतकात मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने कोलकात्याभोवती खणलेल्या खंदकाची, आणि ती ते आठवड्यातून एकदा करतात. "आपलोग के डर से हमलोग इधर से खाई खोदना शुरू किया था, मोशाय. आधा खोदा. आप आया नहीं. जब हमने खाई बंद करके रास्ता बना दिया, तब आप आया, और सीधा दूसरा तल्ला में." मग ते स्वतःच हसतात आणि माझ्या हातावर चार साबुदाणे ठेवतात. मी ते कुंडीत टाकतो. कुंडीतल्या तुळशीला अजून काही झालेलं नाही, यावरून त्या औषधाची ताकद समजावी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

ज्या गोळीवर माझी किडनी टिकून आहे, ती हात थरथरवते. सगळ्यांचे नाही, माझे थरथरवते. पहिल्या वर्षी मी त्याकडे दुर्लक्ष केलं. पाचव्या वर्षी मी एका नमुन्याच्या पिशवीवर लेबल लिहीत होतो आणि शेजारच्या टेबलावरच्या पोराने विचारलं, "सर, लिहून देऊ का?" त्याने चांगल्या मनाने विचारलं होतं. मला त्याचा खून करावासा वाटला. घरी येऊन मी जुन्या वह्या काढल्या आणि माझंच अक्षर बघत बसलो.

त्यानंतर मी वाचायला लागलो. व्हॉट्सॲपवरचं नव्हे, शोधनिबंध. मला वाटायचं, काढेवाले लोक वेगळे आणि मी वेगळा.

वाचलं ते असं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक छोटी जमात असते. तिचं काम लढणं नाही, लढणाऱ्यांना आवरणं. नियामक टी-पेशी म्हणतात त्यांना. बाकीच्या पेशी परकं काही दिसलं की तुटून पडतात, आणि या मध्ये पडून म्हणतात, पुरे. या नसत्या तर शरीराने स्वतःचेच सांधे आणि आतडी खाल्ली असती. बाहेरच्या देशांत काही ठिकाणी असं करून बघतायत, की किडनी बसवण्याच्या सुमारास पेशंटच्या रक्तातून या पेशी वेचून घ्यायच्या, प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि भरपूर झाल्या की पुन्हा त्याच्या शिरेत सोडायच्या. मग औषधं हळूहळू उतरवायची. काहीजणांचं तीनऐवजी एका औषधावर भागायला लागलं होतं. शरीराने परकी किडनी गोळ्यांच्या धाकाशिवाय नांदवून घ्यावी, हे त्या लोकांचं स्वप्न.

मी निबंधांची चळत घेऊन आमच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. चाळिशीच्या, ठेंगण्या, बंगाली. आमचं बोलणं हिंदी आणि इंग्रजीच्या काल्यात चालतं, ते मी इथे मराठीत देतो. त्यांनी कागद चाळले, वाचलेले होते त्यांनी सगळे.

"छान काम आहे," त्या म्हणाल्या. "पण अजून प्रयोग आहे. इथे आपल्याकडे नाही. आणि तुमची किडनी बसून वर्षं झाली, हे बहुतेक जण बसवतानाच करतात."

"म्हणजे मी थरथरत राहायचं."

"डोस आणखी थोडा कमी करून बघू. पण माझ्या देखरेखीखाली. तुमच्या नव्हे."

त्यांनी तो किंचित कमी केलाही. हात थरथरतच राहिले. मी सियालदहचा पूल उतरेपर्यंत टॅक्सीत बायकोला ऐकवत होतो, की ही बाई घाबरट आहे, हिला फक्त प्रिस्क्रिप्शन लिहिता येतं, विज्ञान म्हणजे काय हे हिच्या गावीच नाही. बायको खिडकीतून बघत म्हणाली, "त्यांनी तुमची किडनी पाच वर्षं नीट ठेवलीय." मी म्हणालो, "किडनी माझ्या शरीराने ठेवलीय." हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला फार आवडलं.

मग पुरुलियाची फेरी झाली. दिवसभर टेकड्यांवर हिंडलो, गोळ्यांची पिशवी गाडीत राहिली आणि गाडी दुसऱ्या तुकडीला घेऊन गेली. दोन मात्रा चुकल्या. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या महिन्याच्या तपासणीत सगळं ठीक निघालं. आणि माझ्या डोक्यात नकाशा तयार झाला. पाच वर्षांत एकदाही शरीराने किडनीवर हल्ला केला नाही. दोन मात्रा चुकल्या तरी केला नाही. म्हणजे त्या आवरणाऱ्या पेशी माझ्या रक्तात आपणहून वाढल्या असल्या पाहिजेत. बाहेरच्या लोकांना जे प्रयोगशाळेत करावं लागतं ते माझ्या शरीराने बागबाजारात बसून केलं होतं. एका खडकावरून मी सगळ्या डोंगराला रंग दिला, आणि नकाशा उलटा धरून दाखवायला माझ्यासारखा कोणी हरामखोर साहेब मला नव्हता.

संध्याकाळी आठची गोळी मी आधी एक दिवसाआड सोडली, मग रोज. सकाळची घ्यायचो. बायको जेवणाची तयारी करत असायची. मी टेबलाशी बसून डबीचं झाकण उघडायचो, गोळी शर्टाच्या खिशात टाकायचो, पाणी प्यायचो आणि झाकण वाजवून बंद करायचो. नंतर माझ्या खोलीत जाऊन ती नमुन्याच्या पिशवीत. गोळी टाकून देणं मला शक्य नव्हतं. प्रयोग होता तो. प्रत्येक महिन्याची एक पिशवी, तिच्यावर क्रमांक, पहिली आणि शेवटची तारीख, "सायंकाळची मात्रा, न घेतलेली," आणि खाली सही. पिशव्या मी पुरुलियाच्या दगडांच्या खणात ठेवल्या.

मला माझा खरा पुरावा त्या लेबलांवरच दिसला. पहिल्या पिशवीवरचं अक्षर म्हाताऱ्याचं आहे. तिसरीवरचं जवळजवळ माझं.

तीन महिन्यांनी तपासणी आली. तेव्हा मी काय केलं ते सांगतो. तपासणीच्या आधी चार दिवस मी गोळ्या अगदी वेळेवर घेतल्या, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण बरोबर दिसावं. ते दिसलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती नीट गाळतेय ते सांगणारा आकडा, तोही नेहमीसारखाच होता. मी डॉक्टरबाईंसमोर पायावर पाय टाकून बसलो. स्वतःच्या प्रयोगात स्वतःच लबाडी करणारा पोरगा माझ्या हाताखाली असता, तर मी त्याच्या गोपनीय अहवालात असं लिहिलं असतं की त्याला पुन्हा बढती मिळाली नसती.

बायकोने फक्त एकदा म्हटलं, सामानाची यादी हातात घेऊन, "अहो, तुमचं अक्षर सुधारलं."

"प्राणायाम," मी म्हणालो. त्या योगासनवाल्या मॅनेजरची मी वर्षानुवर्षं कुचेष्टा केली होती, आणि वेळ आली तेव्हा त्यांच्याच मागे लपलो.

पाचव्या महिन्यात एका सकाळी मी मोजे काढले आणि बायकोचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. मोज्याच्या रबराची खोल खाच पडली होती आणि ती भरून येत नव्हती. तिने खाली वाकून अंगठा दाबला. अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. ती साडी बदलायला गेली. तासाभरात आम्ही इस्पितळात रक्त देऊन आलो. मला तयारीचे चार दिवस मिळाले नाहीत.

क्रिएटिनिनचा आकडा दुपारी फोनवर आला. नेहमी एक पूर्णांक एक असायचा, तो दोन पूर्णांक चार झाला होता. औषधाचं प्रमाण दुसऱ्या दिवशी कळणार होतं.

आणि मी, ज्याला आत कुठेतरी सगळं ठाऊक होतं, उठलो आणि बायकोला म्हणालो, "काढा दिलास ना मला? तुझ्या ताईचा?"

तिला आधी समजलंच नाही. मी म्हणालो, "चहात घातलास. आमटीत घातलास. नाहीतर हे होणारच नाही." आणि मी स्वयंपाकघरात शिरून बरण्या काढायला लागलो. एकेक बरणी, एकेक लेबल, सगळी माझ्याच शिस्तीने लावलेली. सर्वांत वरच्या फळीवर, मागे, गुळवेलीच्या पावडरीचं पुडकं सापडलं. वर्षभरापूर्वी मेहुणीने कोणाबरोबर तरी पाठवलेलं. पुडक्याचं सील तसंच होतं. बहिणीने प्रेमाने दिलेली वस्तू फेकायची कशी म्हणून ठेवलेलं. त्यावर चिकटपट्टीने कागद लावला होता आणि बायकोच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, "गुळवेल. ताईकडून. यांना कधीही देऊ नये."

तारीखही होती. मी शिकवली होती तशी.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी पुडकं जागेवर ठेवलं आणि म्हणालो, "मग उसात काहीतरी असेल." आदल्या आठवड्यात मी उसाचा रस प्यायलो होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट समोर ठेवला. औषधाचं प्रमाण रक्तात जेमतेम होतं. "हे गोळ्या चुकल्याशिवाय होत नाही," त्या म्हणाल्या आणि आम्हा दोघांकडे पाहिलं.

"डबी मैं भरती हूं," बायको म्हणाली. "मेरे से कुछ गलती हुई होगी. आजकल चश्मे का नंबर भी बदला है. मेरे हाथ से ही हुआ होगा."

मी गप्प बसलो. मी आयुष्यात लोकांचा जितका अपमान केला असेल, तो सगळा एकत्र केला तरी त्या गप्प बसण्याएवढा नीच नाही. मला वाटलं, नंतर सांगू, घरी सांगू, निवांत सांगू. डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, "घरातली सगळी औषधं घेऊन या, एकूणएक. गोळ्या खराब निघाल्या असतील तर तेही बघू." मला दाखल करून घेतलं. त्याच दिवशी पोटातून सुई घालून किडनीचा कण तपासायला काढला, आणि नसेतून स्टिरॉइड सुरू झालं. शरीर किडनीवर तुटून पडलं होतं, आणि आवरणारं कोणी नव्हतं.

बायको घरी गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना तिने औषधांचा डबा घेतला. मग जुने रिपोर्टही लागतील म्हणून माझ्या खोलीत गेली, आणि रिपोर्ट कुठे ठेवतो हे तिला ठाऊक नसल्यामुळे तिने एकेक खण उघडला.

सकाळी डॉक्टरबाई माझ्या खाटेशी उभ्या होत्या. बायकोने पिशवीतून एकेक औषध काढून खाटेवरच्या टेबलावर मांडलं. रक्तदाबाची पट्टी. स्टिरॉइडची बाटली. मुख्य गोळ्यांच्या पट्ट्या. आणि त्यांच्या शेजारी, एका ओळीत, पाच नमुन्याच्या पिशव्या, लेबलं वर करून. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने त्या डॉक्टरांच्या दृष्टीने सुलट ठेवल्या होत्या.

मी ऑफिसच्या सवयीने लेबलं इंग्रजीत लिहिली होती, त्यामुळे डॉक्टरबाईंना काही विचारावं लागलं नाही. त्यांनी पाचही वाचली. मग पहिली पिशवी आणि पाचवी पिशवी शेजारी शेजारी धरली.

"किती पेशंटवर केलात हा प्रयोग?" त्यांनी विचारलं.

"एका."

"तुलनेसाठी?"

"कोणी नाही."

"तुम्ही वाचलेल्या सगळ्या निबंधांत आधी पेशी देतात," त्या म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता. "मग दर आठवड्याला रक्त बघतात, ठरवून किडनीचा कण बघतात, आणि मग गोळ्या कमी करतात. कमी करायला लागले आणि काही चुकीचं दिसलं तर लगेच परत वाढवतात. तुम्ही पेशी न देताच गोळ्या काढल्या. निबंधातला तेवढा एकच भाग तुम्हाला जमण्यासारखा होता."

काढ्याबद्दल मी तेवीस जणांना जे बोललो होतो, ते सगळं एकत्र करून त्या बाईने मला पाच वाक्यांत परत दिलं. तेव्हा मला कळलं की मी चोविसावा. त्या तेवीस जणांनी निदान मला विचारून काढा पाजायचा प्रयत्न केला होता.

डॉक्टरबाई गेल्यावर बायको स्टुलावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"अक्षर सुधारलं तेव्हाच मला समजायला हवं होतं," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मी सांगणार होतो."

"काल मी रात्रभर जागी होते. माझ्या हातून कुठल्या रविवारी चुकलं असेल ते आठवत. दिवाळीत पाहुणे होते, तेव्हा घाईत भरली होती. तेव्हाच चुकलं असणार असं ठरवून टाकलं मी." तिने पदराचं टोक सोडलं. "अहो, माझ्याकडे आणखी एकच आहे. ती मला लागते."

एवढंच म्हणाली. नंतर तिने तो विषय काढला नाही, आणि मला एकदाही टाकून बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, हे तिला माहीत असावं.

सहाव्या दिवशी घरी आलो. आकडा खाली आला, पण एक पूर्णांक आठवर थांबला आणि तिथेच राहिला. जो भाग गेला तो गेला. या किडनीची वर्षं कमी झाली, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं. किती, हे सांगितलं नाही, कारण ते कोणालाच सांगता येत नाही. स्टिरॉइडने माझं तोंड पुरीसारखं फुगलं. गोळी पूर्ववत झाली आणि हात पुन्हा थरथरायला लागले. मंडळातल्या बायका भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "प्रतिकारशक्ती कमी पडली असणार." मी त्यांना म्हटलं, "हो." बायको आत चहा करत होती. तिने बाहेर येऊन त्यांना काही सांगितलं नाही. खालच्या मास्तरांनी आणलेले साबुदाणे मात्र तिने त्यांच्यादेखत, हसून, कुंडीत टाकले. मास्तरही हसले. त्यांना म्हणे ते आधीपासून माहीत होतं.

संध्याकाळी आठ वाजता ती आता गॅस बंद करून येते. गोळी माझ्या तळहातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत उभी राहते. मग म्हणते, "तोंड उघडा." मी उघडतो. छपन्न वर्षांचा माणूस, मुख्यालयातला साहेब, बागबाजारच्या दुसऱ्या मजल्यावर आ करून उभा असतो. तिलाही ते आवडत नाही, हे मला दिसतं. दिलेल्या वस्तूवर नजर ठेवणारी बाई ती कधीच नव्हती. मी तिला तशी केली.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो होतो. त्या दिवशी सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यायची असते. रक्त दिलं, दंडावर कापूस धरून आम्ही नोंदणीच्या खिडकीशी आलो. खिडकीत नवीन बाई होती, कॉम्प्युटरमध्ये बघत. आम्हा दोघांची तपासणी त्याच दिवशी होती, कारण देणाऱ्यालाही वर्षातून एकदा यावं लागतं.

"किडनी किसकी है?" तिने विचारलं. पेशंट कोण, एवढंच तिला हवं होतं.

सहा वर्षं या प्रश्नाला बायको माझ्याकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "इनकी." मी बोट येण्याची वाट बघत पुढे झालो.

"किडनी मेरी है," ती म्हणाली. "इनके पास रखने को दी है."

खिडकीतली बाई गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मी मान हलवली. बायकोने पर्समधून गोळी काढली, पाण्याची बाटली काढली, रांगेतले लोक बघत असताना गोळी माझ्या हातावर ठेवली, आणि मी गिळल्यावर म्हणाली, "तोंड उघडा."

मी उघडलं.